वय बसतंय, मूल बसतंय का?

आपल्या आजोबांच्या पिढीत पहिलीत नाव घालायची परीक्षा एका मिनिटात उरकायची. गुरुजी पोराला समोर उभं करायचे आणि म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. हात पोचला तर नाव पटावर, नाही पोचला तर 'पुढच्या वर्षी आणा'. जन्मतारीख घरात कुणालाच नक्की ठाऊक नसायची, म्हणून गुरुजीच १ जून लावून टाकायचे. आजही गावोगावच्या कितीतरी आजोबांचे वाढदिवस १ जूनलाच येतात, ते त्यामुळे.

ती चाचणी गावठी खरी, पण अगदीच अडाणी नव्हती. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं; सहाव्या वर्षाच्या आसपास हात पुरेसे लांब होतात आणि पलीकडचा कान हाती लागतो. कागद नव्हता, म्हणून का होईना, गुरुजी मुलाकडे बघत होते. आता कागद पक्का आहे. ऑनलाइन अर्जात जन्मतारीख भरली की पात्र की अपात्र ते लगेच कळतं. शाळेच्या खिडकीतून 'वय बसतंय' असं ऐकू आलं की आपण निश्चिंत होतो. या सगळ्यात मुलाकडे मात्र कुणी पाहिलेलं नसतं.

हा लेख ज्यांचं मूल जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांत, त्यातही ऑक्टोबरनंतर जन्मलेलं आहे त्यांच्यासाठी. अशा मुलाला लगेच घालावं की एक वर्ष थांबावं, हा प्रश्न घरोघर चर्चेला येतो आणि बहुतेक वेळा 'वर्ष कशाला वाया घालवायचं' या एका वाक्यावर संपतो. तो इतक्या लवकर संपू नये.

नियमातला शब्द आहे 'किमान'

राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये वय मोजण्याची तारीख बदलली. त्याआधी ते ३० सप्टेंबरला मोजलं जायचं. २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून ३१ डिसेंबरला मोजतात. त्या दिवशी तीन वर्षं पूर्ण होत असतील तर नर्सरी किंवा शिशुवर्ग, सहा पूर्ण होत असतील तर पहिली. पण शाळा भरते जूनच्या मध्यावर. त्यामुळे डिसेंबरअखेर जन्मलेलं मूल पहिलीच्या पहिल्या दिवशी जेमतेम साडेपाच वर्षांचं असतं आणि नर्सरीच्या पहिल्या दिवशी जेमतेम अडीच वर्षांचं. ऑक्टोबर ते डिसेंबरमधली मुलं जुन्या नियमाने आपोआप पुढच्या वर्षी गेली असती. नव्या नियमाने त्यांना एक वर्ष आधी जायची मुभा मिळाली.

मुभा म्हणजे सक्ती नव्हे, हे पालकांनी नीट लक्षात घ्यावं. नियमातलं वय हे किमान वय आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. साडेपाच वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवलंच पाहिजे असं तो सांगत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा ही तीन वर्षं पूर्वप्राथमिकची धरली आहेत आणि पहिली त्यानंतर. केंद्रीय विद्यालयांत २०२२ पासून पहिलीसाठी ३१ मार्चलाच सहा वर्षं पूर्ण असावी लागतात. त्याविरुद्ध काही पालक न्यायालयात गेले, पण दिल्ली उच्च न्यायालयाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उचलून धरला. बेळगावच्या मराठी पालकांना हा वाद ओळखीचा आहे. कर्नाटकात पहिलीसाठी १ जूनला सहा पूर्ण हवीत असं ठरलं आणि पालकांच्या आग्रहावरून २०२५-२६ या एका वर्षापुरती ५ वर्षं ५ महिन्यांपर्यंत सूट द्यावी लागली.

म्हणजे डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलाला महाराष्ट्रातल्या शाळेत एक वर्ष उशिरा घालणं हे 'मागे ठेवणं' वाटतं. तेच मूल केंद्रीय विद्यालयात नियमानेच तेवढं थांबतं आणि तिथे कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

नोव्हेंबरच्या मुलीचं गणित

समजा, तुमची मुलगी २० नोव्हेंबर २०२३ ची आहे. ती जून २०२६ मध्ये नर्सरीला बसू शकते. तेव्हा ती २ वर्षं ७ महिन्यांची असेल. पहिलीत ती जून २०२९ मध्ये जाईल, ५ वर्षं ७ महिन्यांची होऊन, आणि दहावीची परीक्षा २०३९ मध्ये देईल, सव्वापंधरा वर्षांची असताना. एक वर्ष थांबलात तर नर्सरीत ती ३ वर्षं ७ महिन्यांची, पहिलीत ६ वर्षं ७ महिन्यांची आणि दहावीला सव्वासोळा.

आता तिच्या शेजारच्या बाकावर २ जानेवारी २०२३ चा मुलगा बसलाय असं समजा. दोघांत साडेदहा महिन्यांचं अंतर आहे. नर्सरीतल्या तुमच्या मुलीच्या आयुष्याचा तो जवळजवळ एक तृतीयांश भाग झाला. तो मुलगा अख्खी वाक्यं बोलतो, चड्डी स्वतः वर ओढतो, बाईंनी सांगितलेलं पुरं ऐकतो. तुमची मुलगी हे सगळं करेल, पण तिला अजून दहा महिने हवेत. वर्गात मात्र दोघांना एकच फूटपट्टी लागते. पहिलीत हे अंतर सहाव्या हिश्शाच्या आसपास येतं, दहावीत सोळाव्या-सतराव्या. अंतर आपोआप विरत जातं. काळजी करायची ती सुरुवातीच्या तीन-चार वर्षांची, कारण 'मी हुशार आहे' किंवा 'मला येत नाही' हे मूल स्वतःबद्दल त्याच वर्षांत ठरवून टाकतं.

आणखी एक बारकावा. मूल अपुऱ्या दिवसांचं असेल, म्हणजे तारीख फेब्रुवारीची होती आणि जन्म डिसेंबरमध्ये झाला, तर ठरल्या वेळी जन्मलं असतं तर ते आपोआप पुढच्या वर्षाचंच ठरलं असतं. अशा मुलाच्या बाबतीत थांबण्याचं पारडं आधीच जड आहे.

निर्णय पहिलीच्या नव्हे, नर्सरीच्या दारात

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: थांबायचं असेल तर सुरुवातीलाच थांबा.

बहुतेक घरांत होतं उलटं. अडीच वर्षांच्या मुलाला नर्सरीत घालताना कुणी विचार करत नाही, कारण 'खेळायलाच तर जायचंय'. मग छोटा गट, मोठा गट होतो आणि पहिलीच्या तोंडावर बाई सांगतात, लिहायला अजून जड जातंय, मोठा गट पुन्हा करूया का? त्या वेळी थांबणं मुलाला फार महागात पडतं. तीन वर्षांचे मित्र पुढच्या वर्गात जातात, मूल मात्र त्याच खोलीत, त्याच बाईंकडे, तीच गाणी पुन्हा म्हणत राहतं. साडेपाच वर्षांच्या मुलाला 'नापास' हा शब्द माहीत नसला तरी त्याचा अर्थ कळतो. अडीचव्या वर्षी थांबलेल्या मुलाला मात्र आपण थांबलोय हे कधी कळतच नाही. त्याच्या दृष्टीने ते वेळेवरच शाळेत गेलेलं असतं.

व्यवहाराच्या दृष्टीनेही हेच सोयीचं. शहरातल्या खासगी शाळांत प्रवेशाच्या बहुतेक जागा पहिल्या वर्गात, म्हणजे नर्सरीत किंवा ज्युनियर केजीत असतात. मधल्या वर्गांत कुणी शाळा सोडली तरच जागा निघते. प्रवेशाचे अर्जही काही शाळांत आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास निघतात. तेव्हा मूल दोन वर्षांचं होईतो घरात हा विषय बोलून झालेला असावा.

मोठा गट होऊन गेलाय आणि तरीही थांबणं गरजेचं वाटतंय, अशी वेळ आलीच तर शक्य असल्यास ते वर्ष दुसऱ्या बालवाडीत काढा. नवीन खोली, नवीन बाई, नवीन मित्र असले की मुलाला आपण मागे राहिलो असं वाटत नाही.

आठ दिवस नुसतं पाहा

आपलं मूल तयार आहे का, हे ठरवताना बहुतेक पालक चुकीच्या गोष्टी मोजतात. शंभरपर्यंत आकडे येतात, एबीसीडी पाठ आहे, मोबाइलवर हवा तो व्हिडिओ शोधता येतो, म्हणजे 'आमचा तयारच आहे'. या गोष्टी शिकवल्या की येतात. शाळेत मुलाला थकवतात त्या वेगळ्याच गोष्टी. त्यासाठी मुलाची परीक्षा घेऊ नका. आठ दिवस त्याला नुसतं पाहा आणि रात्री दोन ओळी लिहून ठेवा.

नर्सरीच्या वयात हे पाहा:

१. शू-शी लागल्याचं ते सांगतं का, निदान खुणेने?
२. आई-बाबा नसताना ओळखीच्या माणसाजवळ तास-दीड तास राहतं का? रडलं तरी पाच-दहा मिनिटांत शांत होतं का?
३. त्याचं बोलणं घराबाहेरच्या माणसाला थोडंफार कळतं का?
४. सकाळी दहाच्या सुमारास त्याला पुन्हा झोप लागते का? बसने जायचं असेल तर त्यात प्रवासाचा वेळ धरा.

पहिलीच्या आधी हे पाहा:

१. डबा स्वतः उघडून, स्वतः खाऊन, झाकण लावून पिशवीत ठेवतं का? संडासला जाऊन स्वतः धुऊन येतं का?
२. 'चपला रॅकवर ठेव, हात धू आणि आजीला बोलाव' अशा तीन कामांतलं तिसरं त्याच्या लक्षात राहतं का?
३. गोष्ट शेवटपर्यंत ऐकतं का? नंतर तीच गोष्ट मोडक्यातोडक्या शब्दांत सांगतं का?
४. काल काय झालं ते सांगताना त्याला पुढचं-मागचं जुळवता येतं का?
५. सापशिडीत सापाने गिळलं तर पट उधळतं, की रडून पुन्हा फासा टाकतं?
६. एका पायावर उभं राहणं, चेंडू झेलणं, शर्टाची बटणं लावणं जमतं का? देवनागरी अक्षरांतली गोलाई हातात यायची असेल तर आधी बोटांत हा जोर यावा लागतो. 'अ' आणि 'ळ' काढताना रडणाऱ्या मुलाला अक्षर ठाऊक असतं, पण बोटं ऐकत नाहीत.
७. मनाविरुद्ध काही झालं तर ते शब्दांत सांगतं, की हात उगारतं?

सगळ्या प्रश्नांची उत्तरं 'हो' असायला हवीत असं नाही. ती कुठल्याच मुलाची नसतात. पण निम्म्याहून अधिक उत्तरं 'अजून नाही' अशी आली आणि मूल वर्षाच्या टोकाचं असेल, तर थांबण्याचा गंभीरपणे विचार करा.

जिल्हा परिषदेच्या शाळांच्या परिसरात राहणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. राज्यात २०२२ पासून 'पहिले पाऊल' नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी तिथे वेगवेगळी टेबलं मांडलेली असतात: शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक विकास, भाषा आणि गणनपूर्व तयारी. मूल एकेका टेबलावर काहीतरी करतं, त्याची नोंद कार्डावर होते आणि शेवटच्या टेबलावर आईला घरी काय करून घ्यायचं ते सांगतात. त्या कार्डाकडे प्रगतिपुस्तक म्हणून पाहू नका. मूल कुठे अडखळतं ते कळण्यापुरता त्याचा उपयोग.

जगातल्या अभ्यासांनी काय दाखवलं

वर्गात सर्वांत लहान असण्याचा परिणाम अनेक देशांत मोजला गेला आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत वयाची रेषा १ सप्टेंबरची आहे. त्यामुळे ऑगस्टचं मूल वर्गात सर्वांत धाकटं आणि सप्टेंबरचं सर्वांत थोरलं. २०१८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात अशा राज्यांतल्या ऑगस्टच्या मुलांना एडीएचडीचं, म्हणजे अतिचंचलतेचं आणि लक्ष न लागण्याचं, निदान सप्टेंबरच्या मुलांपेक्षा सुमारे ३४ टक्के अधिक प्रमाणात झाल्याचं आढळलं. जिथे १ सप्टेंबरची रेषा नव्हती तिथे हा फरक दिसला नाही. ऑगस्टमध्ये जन्मल्याने मुलं चंचल होत नाहीत. वर्गातल्या थोरल्या मुलांशी तुलना झाली की धाकटं मूल चंचल दिसतं. तुमच्या डिसेंबरच्या मुलाबद्दल 'एका जागी बसत नाही' अशी चिठ्ठी आली तर आधी बाईंना त्याची जन्मतारीख दाखवा. नंतरही शंका उरली तर डॉक्टर आहेतच.

डेन्मार्कमधल्या २०१५ च्या अभ्यासात वर्षभर उशिरा शाळेत गेलेल्या मुलांचं सातव्या वर्षी लक्ष जास्त टिकत होतं, चुळबुळ कमी होती आणि हा फायदा अकराव्या वर्षीही दिसत होता. नॉर्वेतल्या संशोधकांनी मात्र लष्करी भरतीच्या वेळी, अठराव्या वर्षाच्या सुमारास घेतलेल्या बुद्धिमापन चाचण्या तपासल्या, तेव्हा उशिरा शाळेत गेल्याने बुद्धी वाढल्याचं काही आढळलं नाही.

दोन्ही निष्कर्ष एकत्र धरा. थांबल्याने मूल अधिक हुशार होत नाही. त्याची शाळेतली पहिली काही वर्षं सोपी जातात, एवढाच फायदा. 'वर्गात पहिला यावा' म्हणून मार्च किंवा मेमध्ये जन्मलेल्या मुलाला मागे ठेवण्याची टूम काही घरांत दिसते. तिला यातून काहीच आधार मिळत नाही.

पुढची दारं बंद होतात का?

हा प्रश्न आजोबा विचारतात आणि तो रास्त आहे. आपल्याकडच्या परीक्षांना वयाच्या मर्यादा आहेत. त्या एकेक करून पाहू.

शिक्षण हक्काच्या २५ टक्के प्रवेशात वयाची वरची मर्यादाही असते. २०२५-२६ साठी पहिलीला १ जुलै २०१८ ते ३१ डिसेंबर २०१९ या काळात जन्मलेली मुलं पात्र होती. दरवर्षी ही दीड वर्षाची खिडकी एक वर्ष पुढे सरकते. म्हणजे जुलै ते डिसेंबरमधलं मूल सलग दोन वर्षं त्या खिडकीत बसतं आणि एक वर्ष थांबलं तरी अपात्र होत नाही. जानेवारी ते जूनमधलं मूल एकदाच बसतं.

२०२५-२६ पर्यंत पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी १ जूनला वय ११ पेक्षा जास्त नको, अशी अट होती. सैनिक शाळेत सहावीसाठी ३१ मार्चला वय १० ते १२ च्या दरम्यान हवं. नवोदयच्या सहावीच्या प्रवेशातही जन्मतारखांची मर्यादा ठरलेली असते आणि मूल १ मे रोजी बारा वर्षांच्या पलीकडे गेलेलं चालत नाही. जुलै ते डिसेंबरच्या मुलाचं एक वर्ष पुढे ढकलून हिशेब मांडून पाहा: शिष्यवृत्तीच्या वेळी ते अकराच्या आत असतं, सहावीत जाताना बाराच्या आत. सगळी दारं उघडीच राहतात. फेब्रुवारीचं मूल मागे ठेवलंत तर मात्र यांतली काही बंद होतात. या अटींचे तपशील अधूनमधून बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहावी.

थोडक्यात, वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीतल्या मुलाला थांबवायला नियमांत जागा आहे. पहिल्या सहामाहीतल्या मुलाला विशेष कारणाशिवाय थांबवू नये. आणि कुणी 'जन्मतारीखच जरा पुढे करून घेऊ' असं सुचवलं तर दोन हात लांब राहा. १ जून लावणाऱ्या गुरुजींचा काळ गेला. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच चालतो.

कधी थांबू नये

थांबणं हे औषध नाही. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, नजरेला नजर देत नसेल, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसत असेल, तर 'लहान आहे, वर्षभरात सुधारेल' म्हणून वाट पाहणं घातक ठरतं. आधी कान, डोळे आणि बोलणं तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत येऊन मुलांना मोफत तपासतात आणि गरज असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. अंगणवाडी सेविकेला पथक कधी येणार ते माहीत असतं.

दुसरं, थांबलेल्या वर्षात मुलाजवळ कोण असणार हे ठरलेलं नसेल तर थांबू नये. दोघं कामावर आणि मूल दिवसभर मोबाइलसमोर, अशी घरची परिस्थिती असेल तर साधीसुधी बालवाडी त्यापेक्षा कितीतरी बरी. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. तिथे पोषक आहार मिळतो, इतर मुलं मिळतात आणि फी लागत नाही. पहिलीसाठी थांबवलेलं मूल घरात बसवण्यापेक्षा अंगणवाडीत राहू द्या. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाने तर मुलाचं नाव शाळेतून लांबवूच नये. अशा मुलाचं एक वर्ष लांबलं की पुढे अनेक वर्षं निसटतात.

आणि मूल पहिलीत गेलेलं असेल, रुळलेलं असेल, तर केवळ गुण कमी पडतात म्हणून त्याला उचलून मागे आणू नका.

मिळालेलं वर्ष

थांबायचं ठरलं, आता त्या वर्षात काय? पहिली चूक म्हणजे शिकवणी लावणं. वर्षभर घरी अक्षरं गिरवून घ्यायची असतील तर थांबलात कशाला?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा शिकवण्याचं बरंचसं साहित्य त्यांनी भोवतालच्या रानातून आणि अंगणातून उचललं. आपल्या स्वयंपाकघरातही ते आहे. शेंगा सोलणं, वाटाणे वेगळे करणं, कणकेचा गोळा तिंबणं, लिंबं मोजून टोपलीत टाकणं: पेन्सिल धरायला लागणारा बोटांचा जोर यातून येतो आणि मोजणीही होते. चिंचोके, सागरगोटे, ठिकरी, लगोरी यांतून नेम, तोल आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणं येतं. बडबडगीतांनी आणि आजीच्या ओव्यांनी कान तयार होतो. रोज एक गोष्ट वाचून दाखवा आणि आठवड्यातून एकदा ती मुलाकडून ऐका. बाजारात नेऊन 'पाव किलो भेंडी द्या' असं त्यालाच म्हणू द्या. दुसरी मुलं रोज भेटली पाहिजेत, एवढं पथ्य पाळा. एकट्याने घरात वाढलेल्या मुलाला या वर्षाचा फायदा होत नाही.

पैशाचाही हिशेब आहे. नर्सरीच्या आधीच थांबलात तर फी वाढत नाही, शाळेचं एक वर्ष फक्त पुढे सरकतं. पाळणाघराचा खर्च मात्र वाढू शकतो. मोठा गट पुन्हा केला तर एक वर्षाची फी जास्त जाते. हेही आधीच घरात मोकळेपणाने बोला.

थांबायचं नाही ठरलं तर

वय बसतंय, मूल बऱ्यापैकी तयार आहे किंवा घरची गरज आहे, म्हणून तुम्ही पाठवायचं ठरवलंत, तर तेही योग्यच. अशी पुष्कळ मुलं उत्तम रुळतात. फक्त चार गोष्टी सांभाळा. पहिल्याच भेटीत वर्गशिक्षिकेला जन्ममहिना सांगा. साठ मुलांच्या वर्गात तो त्यांच्या लक्षात असेल असं धरू नका. घरी 'शेजारच्या आर्याला बघ' हे वाक्य बंद करा, विशेषतः आर्या जानेवारीची असेल तर. रात्रीची झोप अर्ध्या तासाने वाढवा आणि शाळेतून आल्यावर लगेच गृहपाठाला बसवू नका. धाकटं मूल दिवसभर इतरांच्या बरोबरीने चालायला जास्त शक्ती खर्च करतं आणि घरी आल्यावर चिडचिड करतं. आणि पहिल्या सहामाहीत लेखनाचा आग्रह धरू नका. तोंडी येतंय ना, मग हात मागून येईल.

थांबलात तर लोक विचारणारच. मंगळागौरीला, गणपतीत, सोसायटीच्या जिन्यात कुणीतरी मुलाच्या देखत म्हणेल, 'अजून शाळेत नाही घातलं? बरोबरीची सगळी जातात की!' तेव्हा मुलाची बाजू घेऊन 'तो जरा लहान आहे', 'तिला अजून जमत नाही' असलं काही बोलू नका. मूल पायाशी उभं राहून ऐकत असतं. 'पुढच्या जूनमध्ये जायचंय तिला, आता आम्ही दोघी मिळून शेंगा सोलतोय,' एवढं म्हणा आणि विषय बदला.